आभाळाची हजेरी

तारांगणातल्या बाईंची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. राग आला की त्या आधी चष्मा काढत, रुमालाने सावकाश पुसत, आणि मग जे बोलायचं ते बोलत. चष्मा उतरला की समोरच्याने समजून जायचं, आता आपली धडगत नाही. त्या सोमवारी संचालकांच्या खोलीत बाईंचा हात चष्म्याकडे गेला आणि संचालकांनी घाईघाईने दोन्ही हात वर केले.

"आधी सगळं ऐकून तर घ्या," ते म्हणाले. "मग हवं ते बोला."

ऐकण्यासारखं बरंच होतं. अवकाश संस्थेने तारांगणापुढे भागीदारीचा प्रस्ताव ठेवला होता. नवे प्रोजेक्टर मिळणार होते, यानांनी पाठवलेली ताजी चित्रं मिळणार होती, दर तीन महिन्यांनी एक नवा खेळ आणि वर्षातून दोनदा मुलांशी बोलायला खरेखुरे शास्त्रज्ञ. घुमटाच्या छताला तीन ठिकाणी ओल आली होती आणि मधल्या जुन्या यंत्राचे सुटे भाग आता कोणी बनवतही नव्हतं. अशा वेळी हे म्हणजे आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन.

"अट काय?" बाईंनी विचारलं. सव्वीस वर्षं त्या या इमारतीत होत्या. इथे फुकट काही मिळत नाही हे त्यांना छताच्या ओलीइतकंच पाठ होतं.

संचालकांनी टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवली. "खेळ ते पाठवतील तसाच दाखवायचा. त्यात निवेदन ध्वनिमुद्रित असतं. म्हणजे, समोर उभं राहून कोणी बोलायचं नाही."

"आणि हजेरी?"

"तीही नाही. चार मिनिटं जातात त्यात."

"म्हणजे मी नाही."

"तुम्ही समन्वयक! स्वतंत्र टेबल, स्वतंत्र खुर्ची, खिडकीशेजारी."

"सव्वीस वर्षं अंधारात काढली मी. आता खिडकीचं काय लोणचं घालू?" आणि बाईंनी चष्मा काढलाच.

पुढची दहा मिनिटं संचालकांनी खाली मान घालून काढली. माणूस वाईट नव्हता. घुमट वाचवायचा तर हाच एक मार्ग उरलाय, हे बाईंनाही कळत होतं, आणि म्हणूनच त्यांचा राग इतका चढला होता. शेवटी ठरलं ते असं: गुरुवारी संस्थेचे साहेब स्वतः नवा खेळ घेऊन येणार, एका शाळेच्या मुलांसमोर तो दाखवला जाणार, आणि नीट पार पडला तर दुपारी करारावर सह्या. बाईंनी सुरुवातीला स्वागताचं एक वाक्य बोलायचं आणि शेवटी आभाराचं एक.

"दोनच वाक्यं," संचालक म्हणाले. "तुम्हाला हात जोडून सांगतो, तिसरं नको."

*

हजेरी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडणार होतं.

बाई नोकरीला लागल्या तेव्हा तिसऱ्याच महिन्यात त्यांनी चंद्राची काचपट्टी यंत्रात उलटी घातली होती. पस्तीस मिनिटं त्या उलट्या चंद्रावर बाई ठणठणीत आवाजात बोलल्या. शंभरावर मोठी माणसं होती, एकाच्याही लक्षात आलं नाही. बाहेर पडताना एक सात-आठ वर्षांची मुलगी तेवढी म्हणाली, "बाई, आमच्या गच्चीवरून चंद्र असा नाही दिसत." बाईंना भुईने पोटात घ्यावं असं झालं. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून प्रत्येक खेळाआधी त्या आभाळाची हजेरी घेत. अंधार झाला, तारे उमटले की सगळ्यांनी हात वर करायचा. बाई एकेका ताऱ्याचं नाव पुकारणार, तो कुठे असायला हवा ते सांगणार, सगळ्यांनी बोटाने तिकडे दाखवायचं, आणि तारा सापडला की ओरडायचं, "हजर!" सात तारे, चार मिनिटं. मुलांना वाटे खेळ चाललाय. खरं तर बाई स्वतःची चूक तपासून घेत.

बुधवारी संध्याकाळी हे सगळं त्यांनी नवऱ्याला पुन्हा एकदा ऐकवलं. नवरा शिंपी होता. पुढच्या खोलीत त्याचं मशीन, मशीनवर दिवा आणि दिव्याखाली तो, असं तीस वर्षांचं चित्र होतं. बायको बोलत असली की तो मशीन थांबवत असे. लोक याला धाक म्हणत, तो याला संसार म्हणे.

"अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय. दोन वाक्यं."

"मला गुळणी धरून बसायला सांगतात! मला!"

नवऱ्याने समोरचं काळं कापड दिव्याकडे धरलं, दोन्ही बाजू बोटांनी चाचपल्या आणि एका बाजूला खडूने फुली मारली. ही त्याची जुनी सवय. फुलीची बाजू आतली. या कापडाच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसत होत्या, तरी त्याने फुली मारलीच.

"दोन वाक्यं बोल की," तो म्हणाला. "तुझी दोन म्हणजे दुसऱ्याची वीस. घुमट राहिला तर पुढचं पुढे बघता येईल. छतच पडलं तर हजेरी कोणाची घेशील?"

नवऱ्याचं म्हणणं खरं होतं, आणि खरं बोलणाऱ्यावर बाईंना जास्तच राग येई. पण जेवताना त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. उद्या दोन वाक्यं. तिसरं नाही.

*

गुरुवारी साडेदहाला साहेब आले. बाईंनी मनात एखादा ताठ, नाक वर करून चालणारा माणूस उभा केला होता. हा निघाला चाळिशीतला, शांत, बुटाच्या नाड्या घट्ट बांधलेला. खेळाची तबकडी त्याने स्वतःच्या पिशवीतून स्वतःच्या हाताने आणली होती. ती ठरल्या वेळीच उघडायची, आधी कोणी बघायची नाही, कारण चंद्रावर उतरलेल्या यानाची चित्रं अजून जगाने पाहिलेली नव्हती. सोमवारपासून आणखी बारा तारांगणांत हाच खेळ सुरू व्हायचा होता.

"मी पंधरा वर्षं यानांची दिशा सांभाळतो," तो बाईंना म्हणाला. "यानाला आपण कुठे तोंड करून आहोत हे ताऱ्यांवरूनच कळतं. त्यामुळे ताऱ्यांशी आपलं दोघांचंही जुनं नातं आहे म्हणा ना."

बाईंना हा माणूस आवडावा असं वाटत नव्हतं, पण थोडासा आवडला.

यंत्राशी दिवाबत्ती बसला होता. घुमटातले दिवे लावणं आणि विझवणं हे त्याचं काम, म्हणून सगळा स्टाफ त्याला त्याच नावाने हाक मारी. त्याचं खरं नाव बहुतेक त्याच्या बायकोला तेवढं माहीत असावं. त्याने बाईंकडे बघून हळूच विचारलं, "हजेरी?" बाईंनी मान हलवली. नाही. दिवाबत्तीचा चेहरा वात खाली केल्यासारखा उतरला.

सहावीची एकशेचाळीस मुलं आत आली. हीच मुलं गेल्या वर्षी दोनदा येऊन गेली होती. खुर्च्या मागे कलल्या, कुजबुज झाली, कोणाची तरी पाण्याची बाटली गडगडत पायऱ्या उतरली. बाईंनी माइक घेतला. "मुलांनो, आपल्या तारांगणात तुमचं स्वागत आहे," त्या म्हणाल्या, आणि माइक खाली ठेवला.

"बाई, हजेरी?" मागून एक आवाज आला.

पहिल्या रांगेतल्या संचालकांनी मान वळवली. बाई गप्प राहिल्या. गप्प राहायला इतकं बळ लागतं हे त्यांना पन्नाशी उलटल्यावर त्या दिवशी कळलं.

अंधार झाला आणि खेळ सुरू झाला. खेळ देखणा होता, खोटं कशाला बोला. यान घुमटाच्या एका कडेकडून असं सरकत आलं की मुलांनी पाय वर घेतले. खालची पृथ्वी निळी, ठसठशीत. निवेदकाचा आवाज भारदस्त. बाईंच्या मनात आलं, सव्वीस वर्षांत मी असं यान एकदाही दाखवू शकले नाही. त्यांना असूया वाटली आणि तेवढ्याच प्रामाणिकपणे वाटलं, हे मुलांना मिळायलाच हवं.

मग यान पुढे गेलं आणि मागचं आभाळ मोकळं झालं. निवेदक म्हणाला, "दक्षिणेकडे पाहा, हे आपल्या ओळखीचं मृग नक्षत्र."

मृगाच्या मधोमध एका रेषेत तीन तारे असतात. दक्षिणेकडे तोंड करून बघितलं की ती रेषा खाली डावीकडे जाते आणि थेट व्याधाला भिडते. व्याध म्हणजे आभाळातला सगळ्यात झगझगीत तारा, तो चुकायची सोयच नाही. बाईंचा हात सवयीने वर गेला, रेषेवरून खाली डावीकडे सरकला, आणि तिथे काळोख होता.

व्याध उजवीकडे होता.

बाईंनी डोळे मिटले, उघडले. व्याध उजवीकडेच. पडद्यावरची अक्षरं सुलटी, यान सुलटं, पृथ्वी सुलटी. फक्त मागचं आभाळ, चांदणीचांदणीसकट, उलटं. त्यांच्या डोळ्यांसमोर नवऱ्याच्या हातातलं काळं कापड आलं. फुलीची बाजू कोणीतरी बाहेर काढून शिवली होती.

आता काय करायचं? दोन वाक्यांतलं एक वापरून झालं होतं. ओरडावं तर करार गेला, करार गेला तर घुमट गेला. गप्प बसावं तर साहेब खूश, संचालक खूश, खिडकीशेजारी खुर्ची. कोणाला कळणार होतं? शंभरावर मोठ्यांना एकदा कळलं नव्हतंच की. पण एका मुलीला कळलं होतं. आज इथे एकशेचाळीस होती आणि ती रात्री आपापल्या गच्चीवर जाणार होती.

"दिवाबत्ती," बाई म्हणाल्या, "थांबवा."

याच शब्दाची वाट बघत असल्यासारखा दिवाबत्तीने लगेच खेळ थांबवला. निवेदकाचा आवाज अर्ध्या शब्दावर तुटला. उलटं आभाळ जागच्या जागी थिजलं.

"काय झालं?" साहेबांचा आवाज आला. "यंत्र बिघडलं?"

"यंत्र ठीक आहे. आभाळ उलटं आहे."

संचालकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते अंधारात धडपडत उठले. "बाई, अहो बाई..."

"उलटं असणं शक्य नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "या ताऱ्यांच्या जागा पाचव्या दशांशापर्यंत तपासलेल्या आहेत. याच आकड्यांवर आमची यानं चालतात."

"आकडे बरोबरच असतील. बाजू चुकली आहे."

"बाई, मी पंधरा वर्षं..."

"माझी सव्वीस," बाईंनी माइक उचलला. चष्मा काढला नाही, कारण राग आलाच नव्हता. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांना आपण नेमके कुठे उभे आहोत हे कळत होतं. "साहेब, हातच्या कांकणाला आरसा कशाला? चारच मिनिटं द्या. मुलांनो, हजेरी!"

घुमटात असा जल्लोष झाला की छताच्या ओलीचा एखादा पोपडा पडला असेल.

"हात वर. मृगाचे तीन तारे?"

"हजर!"

"आता रेषेवर बोट ठेवा. खाली डावीकडे, सरळ, सरळ, थांबू नका. व्याध?"

एकशेचाळीस हात अंधारातून डावीकडे सरकले आणि काहीच नसलेल्या काळ्या जागेवर येऊन थांबले. मग मधल्या रांगेतून एक मुलगी खणखणीत ओरडली, "गैरहजर!"

"गैरहजर! गैरहजर!" सगळा घुमट ओरडायला लागला. "बाई, तो बघा तिकडे पळालाय!"

"दिवाबत्ती, आपलं जुनं लावा."

मधलं जुनं यंत्र कुरकुरत वर आलं. त्याचे फिकट, पिवळट तारे नव्या ताऱ्यांवर पसरले. आता आभाळात दोन व्याध होते, एक उजवीकडे आणि एक मुलांच्या बोटांच्या टोकावर.

साहेब उठले. घुमटाच्या मध्यावर आले, दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनीही हात वर केला. मुलांसारखाच. रेषेवरून खाली डावीकडे. हात बराच वेळ तसाच राहिला.

"माझ्या टेबलावर काचेचा गोल आहे," शेवटी ते म्हणाले. आवाज बदलला होता. "त्यावर सगळे तारे कोरलेले आहेत. आम्ही तो रोज बघतो. बाहेरून."

"आणि आम्ही आतून," बाई म्हणाल्या.

"यान, पृथ्वी, अक्षरं सगळं दहा-दहा जणांनी तपासलं. तारे मागे होते, नुसते मागे. ते गोलावरून उचलले आणि तसेच चिकटवले." ते वळले. "फोन कुठे आहे? सोमवारी बारा ठिकाणी हेच लागणार आहे."

दाराशी पोचल्यावर ते थांबले. मुलं चुळबुळत होती, खेळाचा पाऊण वेळ उरला होता आणि तबकडी आता निकामी. "बाई," ते म्हणाले, "मी येईपर्यंत यांना सांभाळाल?"

संचालक अजून उभेच होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. संचालकांनी एक मोठा श्वास घेतला, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आता दोनाचं काय घेऊन बसलात? बोला."

बाई बोलल्या. यान कसं निघालं, किती दिवस चाललं, चंद्रापाशी जाऊन दबकत दबकत कसं उतरलं, सगळं. जुन्या पिवळट ताऱ्यांखाली, हाताने हवेत चंद्र काढून. दहा मिनिटांनी साहेब परत आले आणि दाराशीच उभे राहिले. एका मुलाने विचारलं की उतरताना यानाचा पाय खड्ड्यात गेला तर? बाईंना ते ठाऊक नव्हतं. "ते साहेबांना विचारू," असं म्हणून त्यांनी माइक सरळ दाराकडे नेला. साहेबांनी आधी सांगितलं, "मुलांनो, आजची चूक आमची होती, आणि ती तुम्ही पकडली." मग त्यांनी खड्ड्याचं उत्तर दिलं, मग पुढच्या प्रश्नाचं, आणि मग ते थांबायलाच तयार होईनात. बाईंनी आभाळ फिरवायचं आणि साहेबांनी यान चालवायचं, असा तो खेळ वेळ संपून गेल्यावरही वीस मिनिटं चालला. शाळेची बस बाहेर भोंगा वाजवून दमली.

त्या दुपारी सह्या झाल्या नाहीत. साहेबांनी कराराचे कागद पिशवीत घातले आणि "कळवतो," एवढंच म्हणून गेले. संचालकांनी डोक्याला हात लावला. घरी बाईंनी सगळं सांगितलं तेव्हा नवऱ्याने मशीन थांबवलं. "हात दाखवून अवलक्षण केलंस," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "बरं केलंस."

*

पाच आठवड्यांनी पाकीट आलं. संचालकांनी ते बाईंच्या समोरच फोडलं. करार होता, सही केलेला, आणि सोबत नवी तबकडी. करारात ध्वनिमुद्रित निवेदनाची अट तशीच होती. ती वाचताना संचालकांचा आवाज बारीक झाला. बाईंचा हात चष्म्याकडे गेला.

"थांबा, खाली आणखी एक ओळ आहे," संचालक म्हणाले. ते ती मनातल्या मनात वाचू लागले, मध्येच थांबले आणि कागद बाईंकडे सरकवला. "तुम्हीच वाचा."

बाईंनी वाचलं. तेराही तारांगणांना पाठवलेल्या प्रत्येक खेळाची पहिली चार मिनिटं निवेदनाविना असतील. त्या वेळात फक्त आभाळ दिसेल. तिथल्या निवेदकाने उभं राहून हजेरी घ्यावी. हजेरी नीट लागली तरच खेळ पुढे चालवावा, नाहीतर तबकडी परत पाठवावी.

बाईंनी कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढला. संचालकांनी सवयीने दोन्ही हात वर केले, पण बाई नुसता चष्मा पुसत राहिल्या, आणि तो बराच वेळ पुसावा लागला.

सोमवारी नवा खेळ लागला. घुमट गच्च भरला होता. साहेब न कळवता आले होते आणि तिकीट काढून तिसऱ्या रांगेत मुलांमध्ये बसले होते. दिवाबत्तीने तबकडी लावली. अंधार झाला, तारे उमटले. निवेदकाचा भारदस्त आवाज आला नाही. आभाळ गप्प राहून वाट बघत होतं.

बाईंनी माइक घेतला. "हात वर," त्या म्हणाल्या. "मृगाचे तीन तारे?"

"हजर!"

"खाली डावीकडे. व्याध?"

"हजर!" छत दणाणलं.

सात तारे झाले. सगळे जागेवर होते. दिवाबत्तीने बटणावर बोट ठेवलं, पण बाईंनी त्याला हाताने थांबवलं.

"एक नाव राहिलं," त्या म्हणाल्या. "संस्थेचे साहेब?"

तिसऱ्या रांगेत, पोरांच्या हातांच्या गर्दीत, एक मोठा हात वर आला.

"हजर, बाई."